उतारा

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे महाविद्यालयातील इतर विभाग बहुधा एकाच कामासाठी येतात. भित्तिपत्रक असो, वार्षिक अहवाल असो की निरोपसमारंभातील मानपत्र असो, ऱ्हस्वदीर्घाची जबाबदारी आमची. मराठी भाषा गौरव दिनाच्या आधीच्या आठवड्यात सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील एक सहकारी बाई अशाच कामासाठी आल्या. त्या दिवशी त्यांना आपल्या विषयावर मराठीतून बोलायचे होते आणि टिपण एकदा आमच्या नजरेखालून जावे अशी त्यांची इच्छा होती. विषय होता, समुद्रातील जिवाणू एकमेकांवर आणि इतरांच्या पेशींवर विषप्रयोग कसे करतात.

वाचताना आम्ही एका शब्दापाशी अडखळलो. ‘प्रतिरक्षा-प्रथिन’. बाईंनी समजावले, “जो जिवाणू विष तयार करतो तो त्या विषाने स्वतः मरू नये म्हणून दुसरे एक प्रथिनही तयार करतो. ते नेमके त्याच विषाला जाऊन बिलगते आणि त्याला निकामी करते. ज्याच्याकडे ते आहे तो वाचतो, ज्याच्याकडे नाही तो मरतो.” आम्ही म्हणालो, “मग सरळ उतारा म्हणा की.” बाईंना शब्द पसंत पडला. आम्हीही स्वतःवर खूश झालो. पारिभाषिक संज्ञांच्या जंगलात एखादा घरचा शब्द बरोबर बसला की भाषेच्या शिक्षकाला होणारा आनंद वाचकांपैकी अनेकांना परिचयाचा असेल.

बाई गेल्या, शब्द मात्र आमच्यापाशी राहिला. मराठीत उतारा किती प्रकारचा असतो! परीक्षेत वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहायची तो एक उतारा. तलाठ्याकडून आणायचा सातबाराचा दुसरा. विषावरचा तिसरा. आणि चौथा, जो शहरात आता फारसा दिसत नाही: आजाऱ्यावरून उतरवून, पत्रावळीवर दहीभात, लिंबू, हळदकुंकू घालून तिन्हीसांजेला वेशीबाहेर नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न पाहता परतायचे. हा चौथा उतारा मनात आला तशी आमची आजी मनात आली. टिपणातल्या मुख्य जिवाणूचे नाव आम्ही केवळ शुद्धलेखनासाठी वाचले होते, ते पुन्हा वाचले. व्हिब्रिओ कॉलरी. म्हणजे पटकी.

आजीकडे वळण्यापूर्वी बाईंकडून जे शिकलो ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही.

पटकीचा जंतू मुळात समुद्राकाठचा रहिवासी आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. साहित्यातून पटकी भेटते ती गावात भेटते. ती मरीआईच्या रूपाने येते, वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडातून जागी होते, पोतराजाच्या आसुडाच्या फटकाऱ्यांनी शांत होते. शाळेच्या पुस्तकातील पटकीही गावातलीच: दूषित पाण्यातून माणसात आणि माणसातून पुन्हा पाण्यात. हे खरे आहे, पण अर्धे. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा जिवाणू अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या पाण्यात सापडला आणि ते त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे पटकीची कोणतीही साथ नव्हती. माणसाशिवायही त्याचे बरे चालले होते.

नदी समुद्राला मिळते तेथले मचूळ पाणी हे त्याचे घर. त्या पाण्यात कोपेपॉड नावाचे जीव असतात, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, तांदळाच्या बारीक कणीएवढे. त्यांचे कवच कायटिनचे असते. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचातही हेच द्रव्य. आपला जिवाणू या कवचावर वस्ती करतो, कायटिन खातो आणि वाढतो. एकेका कोपेपॉडवर हजारो जिवाणू असू शकतात. बंगालच्या उपसागराच्या माथ्यावर, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखांच्या जाळ्यात, अशा कवचांना तोटा नाही.

या माहितीचा एक उपयोग आम्हांला फार आवडला. जिवाणू इतका लहान की कोणत्याही कापडातून आरपार जाईल, पण त्याचे वाहन असलेला कोपेपॉड जात नाही. बांगलादेशातील मतलब भागात कोलवेल आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले. ६५ गावे, सुमारे १ लाख ३३ हजार माणसे. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. नवी साडी नव्हे, जुनीच हवी. वापरून धाग्यांचा पीळ सैल झालेली, म्हणजे छिद्रे बारीक होतात. आमच्या आजीच्या हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे गाळणे असे. ते कचऱ्यासाठी होते, पदर एकच होता.

आता विषाकडे.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जिवाणू पाहिला आणि तो विष सोडत असावा असा तर्क केला. तो तर्क सिद्ध व्हायला ७५ वर्षे लागली, आणि तो सिद्ध झाला त्याच कलकत्त्यात. शंभूनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जिवाणू सोडले, तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. मग त्यांनी जिवाणू वाढवलेले द्रव गाळून त्यातून सगळे जिवाणू काढून टाकले आणि नुसते द्रव आतड्यात सोडले. आतडे तरीही फुगले. म्हणजे मारणारा जिवाणू स्वतः नव्हे, तो मागे ठेवून जातो ते द्रव्य. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा हा निबंध आला. १९८५ मध्ये ते वारले. हयातीत देशाने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही, ही खंत पुढे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी वारंवार व्यक्त केली आहे.

हे विष पेशीला मारत नाही, हा भाग आम्ही दोनदा वाचला. पाच भागांचे एक कडे आणि त्यावर बसलेला सहावा भाग अशी त्याची रचना आहे. कडे आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरील एका ठरावीक रेणूला घट्ट धरते. सहावा भाग आत शिरतो आणि पेशीतील एक कळ दाबलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतो. पेशीला वाटत राहते की क्षार बाहेर टाकायची आज्ञा अजून चालू आहे. ती इमानाने क्षार बाहेर टाकते. क्षारांमागे पाणी जाते. तासाला लिटरभरसुद्धा पाणी शरीरातून जाऊ शकते. माणूस तहानेने मरतो. त्याच्या पेशी अखेरपर्यंत कामसू राहतात.

आणि हे विष जिवाणूचे स्वतःचे नाहीच. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवले की या विषाची जनुके एका विषाणूची आहेत. हा विषाणू जिवाणूंना लागण करतो, त्यांच्यात वस्तीला राहतो आणि आपल्याबरोबर विषाची कृती घेऊन येतो. ज्या जिवाणूला ही लागण झालेली नाही तो समुद्रात सुखाने नांदतो, पण त्याच्यामुळे पटकीची साथ येत नाही. ‘विषाणू’ हा शब्द घडवणाऱ्याला हे उदाहरण ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु येथे तो अक्षरशः खरा ठरतो. तो विषाचा वाहक आहे.

मग जिवाणूचे समुद्रातले हत्यार कोणते? ते वेगळे आहे, आणि बाईंचे टिपण मुख्यतः त्याच्याविषयी होते. २००६ मध्ये मेकालानोस यांच्याच प्रयोगशाळेत या जिवाणूपुढे अमीबा ठेवले गेले. अमीबा जिवाणूंना खातात. येथे मात्र अमीबाच मरू लागले. ज्या यंत्रणेमुळे हे घडत होते तिला शास्त्रज्ञ सहाव्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात. जिवाणूच्या पोटात एक लांब नळी असते, तिच्याभोवती स्प्रिंगसारखे ताणलेले आवरण आणि टोकाला टोकदार पाते. आवरण सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आकसते आणि नळी शेजाऱ्याच्या अंगात घुसते. नळीबरोबर विषे जातात. त्यांतले एक शेजाऱ्याच्या पेशीच्या पापुद्र्याला भोके पाडते, एक त्या पापुद्र्यातील मेद तोडते, एक भिंत विरघळवते. पात्याच्याच एका प्रकाराला जोडलेला भाग अमीबाच्या पेशीचा सांगाडा गुंतवून टाकतो. आपल्या शरीरातील जंतुभक्षक पेशींचा सांगाडा त्याच द्रव्याचा असल्यामुळे तोही गुंततो. वार झाल्यावर आवरणाचे सुटे भाग होतात आणि त्यांतून पुढची नळी उभी राहते. ही रचना जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या शेपटीशी इतकी मिळतीजुळती आहे की दोहोंचे मूळ एकच असावे असे संशोधक मानतात. म्हणजे हेही हत्यार कधीकाळी शत्रूच्याच हातचे.

कोपेपॉडच्या कवचावर जागा थोडी आणि दाटी फार. वार करताना जिवाणू पलीकडे कोण आहे हे पाहत नाही. तो चहूबाजूंनी वार करतो. आपल्याच कुळातल्या शेजाऱ्यालाही त्याची नळी लागते, फक्त त्या शेजाऱ्याजवळ उतारा असतो. प्रत्येक विषाला एक स्वतंत्र उतारा. दोन कुळांच्या विषांचे आणि उताऱ्यांचे संच जुळले तर ती एकमेकांशेजारी नांदतात. न जुळले तर मारामारी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की जगभर साथी पसरवणाऱ्या कुळांचा संच एकच आहे. ती आपसांत मरत नाहीत; इतर कुळांना मारतात. २०१८ मध्ये उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांतून दिसले की हेच हत्यार आतड्यातही चालते: आधीपासून तेथे राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंवर हल्ला करून हा पाहुणा जागा करून घेतो आणि रोग बळावतो.

येथे आमच्यातला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीला आणि इंग्रजीला हा भेद एका सर्वनामात करता येत नाही, हे आम्ही दरवर्षी अभिमानाने शिकवतो. कोपेपॉडच्या कवचावर फक्त ‘आम्ही’ चालते. ज्याच्याकडे उतारा तो आमच्यातला. बाकीचे सारे ते.

हे वाक्य सुचल्यावर आम्ही ते वहीत लिहून ठेवले, आणि लगेच त्याचा संशय आला. जंतूंवरून माणसाला धडे देण्याचा मोह जुना आहे आणि त्याने केलेले नुकसान मोठे आहे. ज्यांना हाकलायचे असते त्यांना आधी जंतू म्हटले जाते, हे विसाव्या शतकाच्या वाचकाला सांगायला नको. तेव्हा रूपक बाजूला ठेवून जे घडले तेच सांगतो.

समुद्रापासून आमच्या गावापर्यंत पटकीला कोपेपॉड आणत नव्हता, माणसे आणत होती. १८१७ मध्ये बंगालच्या त्रिभुज प्रदेशात उसळलेली साथ पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात पोचली होती. फौजा, व्यापारी, यात्रेकरू आणि पुढे आगगाडी हे तिचे मार्ग. आमचे गाव भीमेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. पंढरपूर दोन मजलांवर. आजी तेव्हा बारा वर्षांची होती, म्हणजे १९४० नंतरची ही गोष्ट. आषाढीची वारी करून तिचे चुलते घरी आले, दुसऱ्या दिवशी त्यांना ढाळ-वांती सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मग आजीची धाकटी बहीण पडली. सात वर्षांची. ती पाणी मागत होती. पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये अशी तेव्हा समजूत होती, म्हणून दिले नाही. ओठाला ओले बोट लावीत. पहाटे ती गेली.

त्याच पहाटे घरच्यांनी दोघांच्या वाकळा आणि लुगडी आजीच्या डोक्यावर दिली आणि कोणी उठायच्या आत ओढ्यावर धुऊन आणायला सांगितले. तिने धुतली. ओढा आमच्या घराच्या मागून वाहतो आणि खाली वस्तीकडे जातो. कोणती वस्ती हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. महाराष्ट्रातील गावे वसवणाऱ्यांना पाण्याचा उतार बरोबर कळत होता. वस्तीचा पाणवठा नेहमी खालच्या अंगाला.

चार-पाच दिवसांत वस्तीत माणसे पडू लागली. मग गावात. गाव म्हणाले, वस्तीतल्या अमुक बाईने गावाचा पाणवठा बाटवला म्हणून मरीआई कोपली. ती बाई विधवा होती आणि आदल्या आठवड्यात आमच्या परड्याशी भाकरी मागायला उभी राहिली होती, एवढा पुरावा पुरला. मरीआईचा गाडा निघाला. हळदकुंकू, लिंबे, हिरवा खण, कोंबडे घालून गाडा वाजतगाजत शिवेपार नेला आणि पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलला. त्याच्यामागून त्या बाईला आणि तिच्या दोन लेकरांना चालायला लावले. गाडा परत येत नसतो. त्या तिघांनाही परतू नका म्हणून बजावले होते. पावसाळा होता.

आजीने हे आम्हांला सांगितले तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. इतकी वर्षे ती पटकीचे नाव काढत नसे, ‘मोठं दुखणं’ म्हणे. आमच्या शिव्यांत ‘पटकी येवो’ ही शिवी सर्रास. तिच्या तोंडून ती कधी ऐकली नाही. एका दुपारी निवडणाच्या सुपावर वाकलेली असताना ती अचानक म्हणाली, “आरं, पानी खालनं वर येतंय व्हय?”

आम्हांला संदर्भ कळेना. मग तिने सगळे सांगितले. वाकळा सांगितल्या, पहाट सांगितली. ओढ्यात धुणे कोणी धुतले हे तिला आणि घरच्यांना ठाऊक होते. ती बाई खालच्या अंगाला राहत होती. खालचे पाणी वर चढून कोणाला बाटवणार होते? हे बारा वर्षांच्या पोरीला कळत होते. तिने ते कोणाला सांगितले नाही.

आम्ही तेव्हा जे उत्तर दिले त्याची आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “आजी, तू लहान होतीस. आणि पटकी कोणाच्या चुकीने होत नाही, जंतूने होते. त्यात तुझा काय दोष?” आम्ही आमच्या परीने तिच्या दुःखावर उतारा दिला. तिने मान वळवली आणि पुन्हा खडे वेचू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “जंतूनं मानसं मारली आसंल. त्या बाईला जंतूनं न्हाई घालवलं.”

ती पुढे तीन वर्षांनी गेली. या बोलण्यावर आम्ही काही म्हणायला हवे होते. म्हटले नाही, कारण विज्ञानाचे जे एक वाक्य आम्हांला ठाऊक होते ते संपले होते आणि साहित्याचे एकही सुचले नाही.

भाषादिनी बाईंचे व्याख्यान झाले. ‘उतारा’ हा शब्द त्यांनी आठदहा वेळा वापरला आणि तो सभागृहाला लगेच कळला. प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, एक जिवाणू आपला उतारा दुसऱ्याला देऊ शकतो का?”

बाई थोड्या थांबल्या. मग त्यांनी लोझान येथील मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम सांगितले. कायटिनवर बसलेला हा जिवाणू शेजाऱ्याला नळीने भोसकतो, शेजारी फुटतो, त्याचा डीएनए बाहेर सांडतो आणि मारणारा तो उचलून आपल्यात सामावून घेतो. त्या डीएनएमधून शेजाऱ्याचे विष आणि त्याचा उताराही मारणाऱ्याकडे येऊ शकतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. “म्हणजे,” बाई म्हणाल्या, “या यंत्रणेत उतारा एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो असा. देत कोणी नाही. मेलेल्याकडून घेतला जातो.”

मुलगी खाली बसली. आम्ही मागच्या रांगेत होतो. तिच्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर आम्हांला ठाऊक होते, पण ते जिवाणूंचे नव्हते, म्हणून तेथे बोललो नाही. येथे लिहितो.

१९७१. पूर्व पाकिस्तानातून पळून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधील बनगाव भरून गेले होते आणि छावण्यांत पटकी शिरली होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते, ते देणारे हातही पुरे पडत नव्हते. दिलीप महालनबीस या तरुण डॉक्टरांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाकिटांत भरले, ते पिंपांतल्या पाण्यात कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले की हे पाजत राहा. यामागचे शास्त्र असे: पटकीचे विष पेशीची एक कळ अडकवते, पण साखरेबरोबर मीठ आत ओढून घेणारे दुसरे दार ते बंद करत नाही. त्या दाराने मीठ आत जाते, मिठामागे पाणी जाते. विष आपल्या जागी तसेच राहते, आपले काम करत राहते. माणूस मात्र तोवर जगतो. त्या छावणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज ही कृती कोणत्याही आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर वाचायला मिळते: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

आजीच्या बहिणीने जे मागितले होते त्यात साखर आणि मीठ तेवढे नव्हते.

हा उतारा कोणाच्या रक्तात नाही, जनुकांत नाही, कुळात नाही. तो पिंपात असतो, आणि ज्याच्या हातात भांडे आहे तो ज्याच्या ओठाला हवे त्याच्या ओठाला लावू शकतो. बनगावात भांडे धरणारे डॉक्टर नव्हते. ती रोग्यांचीच माणसे होती, काल घर सोडून आलेली. कवचावरच्या जिवाणूला हा पर्याय उपलब्ध नाही, म्हणून त्याला दोष नाही. आमच्या गावाला तो उपलब्ध होता. पाण्याचे शास्त्र ठाऊक नव्हते हे मान्य. पण त्या बाईला गाड्यामागे न चालवणे यासाठी कोणतेही शास्त्र लागत नव्हते. ओढा कोणत्या दिशेला वाहतो एवढे पुरे होते, आणि ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

हा लेख आम्ही सवयीप्रमाणे ‘आम्ही’ या सर्वनामात लिहिला. निबंधकारांची ही जुनी पद्धत. तिच्यात लेखकाला थोडी प्रतिष्ठा मिळते आणि थोडा आडोसाही. आजीच्या त्या दुपारचे एक वाक्य आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते. सूप बाजूला सारून उठताना ती म्हणाली होती, “आपन घालवलं रं तिला.” ‘आमी’ नाही म्हणाली. आमचा जन्म त्या घटनेनंतर कितीतरी वर्षांनी झाला. तेव्हा आम्हांला वाटले की म्हातारीच्या बोलण्यात सर्वनामाची गफलत झाली. तिची गफलत झाली नव्हती.

त्या बाईला आपण घालवले.